वरच्या वाटेची पट्टी

चष्मेवाल्याला ताई सापडली तेव्हा उजेड पुरता मावळला नव्हता. बाकीची माणसं नदीकाठ पिंजून काढत होती. शिट्टीमास्तर, म्हणजे त्यांच्या रविवारच्या पायपीट मंडळाचे म्होरके, खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त होऊनही गळ्यातली शिट्टी न उतरवलेले, पाण्याच्या कडेकडेने शिट्ट्या फुंकत चालले होते. मागे मंडळाचे लोक काठ्यांनी झुडपं वरखाली करत होते. सगळ्यांच्या मनात एकच भीती होती आणि ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. ताई रानात फिरायला नेहमी खालच्या, नदीच्या वाटेने जायची, तेव्हा ती खालीच कुठेतरी असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. एकटा चष्मेवाला दोन वाटा फुटतात त्या जाड्या झाडापाशी थांबला, आणि कुणाला काही न सांगता उजवीकडे चढाला लागला.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. हा साठीला टेकला, शहरात त्याचं चष्म्याचं चांगलं चालतं दुकान, चार लोक ‘साहेब’ म्हणतात, पण ताईच्या लेखी तो अजून ‘बारक्या’च. वरच्या वाटेवर, शाडूसारख्या निसरड्या मातीची कड ढासळते तिथे, खाली खड्ड्यात ताई एका मुळाला पाठ टेकून बसली होती. एक हात दुसऱ्या हातात धरलेला, पायातला एक बूट गायब, आणि केसांत पाचोळा.

“आलास का रे बारक्या? किती उशीर!” ती म्हणाली. जणू हा भाजी आणायला गेला होता आणि वाटेत गप्पा मारत बसला होता.

त्याला रडू फुटलं. ताईला वाटलं, भावाची माया. माया होतीच, नव्हती असं नाही, पण रडू तिच्यामुळे आलं नव्हतं.

मनगट मोडलं होतं, घोटा मुरगळला होता, बाकी ताई धडधाकट होती. दवाखान्याच्या बाकावर मंडळाच्या लोकांनी चष्मेवाल्याला घेरलं. शिट्टीमास्तरांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरला. “आम्ही मूर्खासारखे पाण्यात बघतोय, आणि हा गडी सरळ वर! याला म्हणतात रक्ताची ओढ!” दुसऱ्या गावाहून धावत आलेली भाची, ताईची एकुलती एक मुलगी, त्याच्या गळ्यात पडून म्हणाली, “मामा, तू होतास म्हणून.” चष्मेवाला मान खाली घालून ऐकत राहिला. लोकांना तो विनय वाटला. आपल्याकडे गप्प बसणाऱ्याला विनयशील म्हणायची घाईच असते.

रक्ताची ओढ वगैरे काही नव्हतं. त्या वाटेवर ताईला त्यानेच पाठवलं होतं.

शहर संपतं तिथे नदी वळण घेते आणि काठाला लागून रान सुरू होतं. त्या रानातल्या वाटांवर झाडांच्या बुंध्यांना पिवळ्या खुणा आहेत. सरळ जायचं तर आडवी पट्टी, वळायचं तर बाण. या खुणा रंगवायचं काम मंडळाने चष्मेवाल्याकडे दिलेलं. त्याचा हात बारीक कामाला सरावलेला, शिवाय नजर पक्की. दुकानाच्या काउंटरखाली चष्म्याच्या डब्यांशेजारी पिवळ्या रंगाचा डबा, ब्रश आणि तारेचा घासा कायम ठेवलेला. मंडळाचा नियम एकच होता: खूण बदलली, की रविवारी फेरी संपल्यावर पुलाजवळ चहा पिताना सगळ्यांना सांगायचं. मंडळातल्या जुन्या लोकांना खरं तर खुणांची गरज नव्हती. त्यांचे पायच वाट ओळखायचे, आणि तोंडं गप्पांत गुंतलेली असायची. पट्ट्या होत्या त्या नवख्यांसाठी.

आणि ताईसाठी. ताई मंडळाबरोबर जायची नाही, त्यांची बडबड तिला सोसायची नाही. आठवड्यात मधल्याच एखाद्या दिवशी ती एकटी निघायची. वाट तिला तोंडपाठ होती, तरी प्रत्येक पट्टीपाशी थांबून ती काठीचं टोक पट्टीवर टेकवायची आणि म्हणायची, “पोचले रे बारक्या.” ऐकायला बारक्या तिथे नसायचा. रंगावर तिच्या काठीचे गोल वण उठायचे, आणि पुन्हा रंगवायला गेला की ते बुजवताना त्याला हसू यायचं. नवरा गेल्यापासून या फेरीवरच तर ती उभी होती. घरी आल्यावर दोन दिवस बोलायला पुरेल इतकं ती रानातून घेऊन यायची.

जाड्या झाडापाशी बाण डावीकडे होता, खाली नदीच्या वळणाकडे. तिथे पाण्यालगत एक सपाट दगड आहे. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून “आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?” हे विचारून विचारून चष्मेवाल्याचा जीव विटला, की तो त्या दगडावर जाऊन बसायचा. समोरच्या दरडीत खंड्याचं बीळ होतं. निळा पक्षी पाण्यात सूर मारायचा आणि वर यायचा, एवढं बघितलं की याचा दिवस भागायचा. मग कुणीतरी त्या जागेचे फोटो इंटरनेटवर चढवले, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे झुंबड उडायला लागली. गाणी वाजायला लागली, बिस्किटांचे कागद उडायला लागले, दगडावर बूड टेकायला जागा उरेना.

म्हणून एके दिवशी त्याने तारेच्या घाशाने तो बाण खरवडला, वर चिखल चोळला आणि उजवीकडच्या चढावरच्या पहिल्या झाडाला एक पट्टी ओढली. लोक वरून वळसा घेऊन रस्त्याला लागतील, त्यांचं काही बिघडत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. खंड्याला शांतता हवी, असंही सांगितलं. खंड्याचं निमित्त होतं हो. ती जागा त्याला एकट्याला हवी होती. पट्टी ओढल्यावर पुढची वाट बघून येताना त्याच मातीच्या कडेवर त्याचा स्वतःचा पाय सटकला होता, फांदी हाताशी होती म्हणून निभावलं. तेव्हाही त्याने कपडे झटकले आणि चालू पडला. मंडळात बोललाच नाही, कारण बोलला असता तर शिट्टीमास्तरांनी त्याला उभा फाडला असता. ताईलाही बोलला नाही. तिला ही वाट पाठ आहे, ती कशाला खुणा बघते, असं त्याला वाटलं. त्या काठीच्या वणांवर हसणाऱ्या माणसाला असं वाटावं, याला काय म्हणायचं!

शोधायला गेला त्या संध्याकाळी वरच्या झाडाच्या ताज्या पट्टीवर त्याला तो गोल वण दिसला. अगदी मधोमध. तिथून पुढे तो पळतच सुटला होता.

तोवर झालं ती चूक होती. दवाखान्यातच तोंड उघडलं असतं, तर चार शिव्या खाऊन मोकळा झाला असता. पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हा पठ्ठ्या घासा आणि डबा घेऊन रानात हजर. वरची पट्टी पार खरवडून काढली, वण आणि सगळं. त्यावर ओलं शेवाळ चोळलं. जाड्या झाडावर बाण पुन्हा रंगवला, डावीकडे, होता तसा. नवा रंग डोळ्यांत भरू नये म्हणून त्यावर मूठभर धूळही फुंकली. एवढं मन लावून त्याने कधी काम केलं नसेल.

ताईच्या हाताला प्लास्टर, पायाला पट्टा. भाची रजा काढून आईजवळ राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, “अहो, पण तुम्ही वर गेलात कशाला?” ताई सांगायची, “पट्टी होती ना वर! मी काठी लावली की तिला.” मंडळाचे लोक एकमेकांकडे बघायचे. शोधाच्या संध्याकाळी अंधारायला आलं होतं, पट्टी कुणाच्या नजरेला पडली नव्हती, आणि नंतर जे जाऊन आले त्यांना बाण जागच्या जागी दिसला होता. “असेल असेल,” असं म्हणून लोक चहा संपवायचे.

पाय जमिनीवर नीट टेकायला लागला तसा ताईने हट्टच धरला. “चला, दाखवते मी तुम्हाला.” भाची निघाली, चष्मेवाल्यालाही निघावं लागलं. जाड्या झाडाशी ताई थांबली. बाण डावीकडे, स्पष्ट. ती वरच्या झाडापाशी गेली, बुंध्यावरून चांगला हात फिरवला. शेवाळ होतं. बुंध्याला वळसा घालून मागची बाजू पाहिली, शेजारची दोन झाडं पाहिली. मग परत खाली आली आणि बाणाकडे बघत राहिली.

“हा बाण नवा वाटतो रे,” ती म्हणाली.

“दर वर्षी रंगवतोच की मी, ताई.”

“हो, तेही खरंच.” तिने लगेच मान डोलावली. “म्हणजे नव्हतीच पट्टी. मग मला दिसली कुठून?”

भाची आईचा दंड धरून म्हणाली, “होतं गं असं.” त्या ‘होतं गं असं’चा अर्थ तिघांनाही कळला. परतताना ताईने एकाही पट्टीला काठी लावली नाही.

त्या दिवसापासून ताईचा स्वतःवरचा भरवसाच गेला. गॅस बंद केला की ती परत जाऊन बघायची, आणि तरी मुलीला विचारायची. दाराला कडी घालताना मोठ्याने म्हणायची, “कडी घातली हं मी,” म्हणजे कुणीतरी साक्षीला असावं. भावाला फोन लावायची आणि आधीच सांगायची, “हे मी तुला आधी सांगितलं असेन तर सांग हं, मला हल्ली काही कळत नाही.” साऱ्या घराला धाकात ठेवणारी ताई, आता वाटीत चमचा ठेवतानासुद्धा विचारून ठेवायला लागली. चष्मेवाल्याला जेवण जाईना. दगडावर जाऊन बसला तर खंड्या दिसला, पण बघवेना. उठून घरी आला.

अखेर भाचीने ठरवलं. आईचं घर बंद करायचं आणि तिला आपल्याकडे न्यायचं. “तिकडे सगळं आहे मामा, लिफ्ट आहे, खाली बाक आहेत बसायला. एकटीला सोडायची हिंमत नाही रे माझी.” ताईने हूं की चूं केलं नाही. आधीची ताई असती तर तिने लिफ्टसकट मुलीला परत पाठवलं असतं.

“जायच्या आधी एकदा डोळे तपासून घे ना तिचे,” भाची म्हणाली. “डोळ्यांचंच निघालं तर बरंच की. चष्मा लावला की झालं. मग मीही नेणार नाही तिला, राहू दे इथेच सुखात. पण डोळे चांगले असले तर मग... डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायला हवं.”

चष्मेवाला त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशेब मांडत राहिला, आणि त्याला वाट सापडली. डोळ्यांचा दोष निघाला की सगळं सुटत होतं. ताई घरी राहील, तिची फेरी सुरू होईल, आणि याला तोंड उघडावं लागणार नाही. एक भिंग इकडचं तिकडे करायचं, बस. नंबर लागलाय म्हणायचं, आणि चष्मा साध्या काचांचा करून द्यायचा. कुणाला कळणार होतं? दुकानात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या दोघी आल्या. भाची आरशाखालच्या खुर्चीवर बसली. ताईला त्याने उंच खुर्चीत बसवलं आणि तपासणीची जड, गोल चौकट तिच्या नाकावर चढवली. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. ताईने वरची ओळ वाचली, मधली वाचली, आणि अगदी खालची, जिच्यावर भलेभले डोळे बारीक करून अंदाज मारतात, तीही घडाघड वाचली. डोळे ठणठणीत होते. भाचीचा चेहरा पडला.

“थांब, एक भिंग घालून बघू,” चष्मेवाला म्हणाला. ट्रेमधून त्याने नको होतं ते भिंग उचललं आणि चौकटीत सरकवलं. “आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?”

ताईने समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. तिचे डोळे त्या भिंगामागे मोठाले दिसत होते.

“आधीचंच बरं होतं रे,” ती म्हणाली. “पण तू म्हणशील तेच लिही. मला जे दिसतं ते असतंच असं नाही ना आता.”

तिने हे सहज म्हटलं, कुरकुर नव्हती की रुसवा नव्हता. चष्मेवाल्याचा हात चौकटीवर होता तिथेच राहिला. मग त्याने ते भिंग काढलं आणि ट्रेमध्ये ठेवलं. ठेवताना ते खळ्ळकन वाजलं.

“ताई, पट्टी होती.”

“कुठली?”

“वरची. मीच ओढली होती. तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच पुसली.”

मग त्याने सगळं सांगितलं, दगडापासून शेवाळापर्यंत. बाणावर फुंकलेली धूळही सोडली नाही. त्या कडेवर स्वतःचा पाय सटकला होता, तेही सांगितलं. ताईचा एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा मांडीवर. चौकट तिच्या नाकावर तशीच होती, ती काढायचं कुणालाच सुचलं नाही.

“म्हणजे पट्टी होती?” ती म्हणाली.

“होती.”

“आणि मी काठी लावली होती तिला?”

“तुझ्या काठीचा वण मी डोळ्यांनी पाहिला.”

ताई मुलीकडे वळली. “बघ! मी सांगत नव्हते? होती म्हणून!” तिचा चेहरा असा उजळला की चष्मेवाल्याला तिच्याकडे बघवेना. ती हसत होती आणि भिंगांच्या रिकाम्या गोलांतून डोळ्यांतलं पाणी गालावर येत होतं. त्या क्षणी तिला भावाचा राग नव्हताच. तिला तिचं डोकं परत मिळालं होतं.

राग आला तो भाचीला. ती उभी राहिली. “मामा, आई झोपेतून उठून गॅस बघायला जाते. तुला ठाऊक होतं. मी फोनवर तुझ्यापाशी रडले, आणि तू मला म्हणालास, वयाप्रमाणे होतं.” म्हणाला होता तो तसं.

भाचीने आईच्या नाकावरची चौकट काढून काउंटरवर ठेवली आणि पर्स उचलली. ताई खुर्चीतून उतरली, काठी घेतली. दारापाशी जाऊन ती थांबली. उजळलेलं तोंड आता उतरायला लागलं होतं. बाकीचं सगळं तिच्या ध्यानात यायला लागलं होतं.

“खड्ड्यात पडले होते ना,” ती म्हणाली, “तेव्हा मला भीती वाटली नाही बघ. म्हटलं, पट्टी बारक्याची आहे, म्हणजे बारक्याला ही वाट ठाऊक आहे. तो इथूनच येणार.”

एवढं बोलून ती मुलीच्या हाताला धरून पायरी उतरली.

रविवारी पुलाजवळ, चहाचे पेले हातात असताना, चष्मेवाल्याने मंडळासमोर सगळं कबूल केलं. शिट्टीमास्तरांनी नुसता हात पुढे केला, आणि त्याने रंगाचा डबा, ब्रश आणि घासा त्यांच्या स्वाधीन केला. ताई कुठेच गेली नाही. मुलीला तिने गाडीत बसवून दिलं आणि निघताना लिफ्टवरून दोन टोमणेही मारले. गॅस ती आता एकदाच बंद करत होती.

प्लास्टर निघाल्यावर तिचा फोन आला. “फिरायला जातेय. यायचं तर ये.” आवाजात ना राग, ना लाड.

दोघं नदीकाठाने चालत गेली. हवा छान होती, पाणी संथ. ताई वाटेत शेजारणींच्या, भाज्यांच्या, दुखऱ्या मनगटाच्या गोष्टी सांगत होती, आणि चष्मेवाला हूं हूं करत होता. त्याला वाटायला लागलं होतं, मिटलं बहुतेक. पहिली पट्टी आली. ताई पुढे निघून गेली. दुसरी आली, तीही मागे पडली. काठी जमिनीवरच टेकत होती.

जाड्या झाडापाशी ती थांबली. बाण डावीकडे होता. शिट्टीमास्तरांनी नुकताच रंगवलेला, जरा वाकडाच. ताईने बाणाकडे पाहिलं, मग उजवीकडच्या चढाकडे. चष्मेवाला तिच्या शेजारीच उभा होता, हाताच्या अंतरावर. “डावीकडे, ताई,” तो म्हणाला.

ताईने ऐकलं. मान हलवली. पण पाऊल टाकलं नाही.

खालून कुत्र्याला घेऊन एक मुलगी वर येत होती, अनोळखी, कानात गाणी घातलेली. ताईने काठी उंचावून तिला थांबवलं.

“काय गं बाळा,” तिने विचारलं, “नदीकडे जायची वाट हीच ना?”